स्वतःला दिलेले गुण

माझ्या नोकरीला विसावं वर्ष सुरू होतं, तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी लेखी विचारलं, की राग येतो तेव्हा तो आला आहे हे तुम्हाला कळतं का.

प्रशिक्षण वसमतला होतं, दोन दिवसांचं. मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात नर्स आहे. राहते डोंगरकड्याला, रोज बसने ये-जा करते. त्यामुळे इतरांसारखं मला कुठे बाहेरगावी जायचं नव्हतं. फरक इतकाच, की गणवेश घालायचा नव्हता आणि दुपारचं जेवण आयतं मिळणार होतं. आतापर्यंतची प्रशिक्षणं लसींची, नोंदवह्यांची, नाहीतर मोबाइलमधल्या एखाद्या नव्या ॲपची असायची. या वेळी फळ्यावर लिहिलं होतं: भावनिक बुद्धिमत्ता आणि संकटातून सावरण्याची क्षमता. ते वाचून आमच्या औषध विभागातले एक जण माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, यावर गोळी कोणती द्यायची असते?"

शिकवायला आलेल्या मॅडम तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना चार पानांचा एक कागद वाटला. त्यावर चाळीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे एक ते पाच असे आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नेहमीच. 'समोरची व्यक्ती बोलत असताना मी तिचं पूर्ण ऐकून घेते.' 'मला काय वाटतं आहे त्याला मी नाव देऊ शकते.' 'माझं दुःख मी जवळच्या माणसाला सांगते.' 'अवघड प्रसंगातून मी लवकर सावरते.' अशी वाक्यं.

मी दहा मिनिटांत कागद भरला. फॉर्म भरण्यात आमचा हात बसलेला असतो. शेजारच्यांनी तर शेवटची दोन पानं माझ्याच कागदावरून उतरवली. म्हणाले, "एकाच दवाखान्यातले आपण. भावना सारख्याच असणार."

बेरीज केली तर सभागृहात सगळ्यात जास्त गुण माझे निघाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. लोक मला खंबीर म्हणतात. वॉर्डात कितीही गोंधळ झाला तरी माझा आवाज चढत नाही, हे नव्या डॉक्टरांनाही सांगितलं जातं. मॅडमनी मात्र टाळ्या वगैरे वाजवायला लावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे गुण तुम्ही स्वतःला दिलेत. आता याच्या आणखी दोन प्रती घेऊन जा. घरातल्या दोन माणसांकडून तुमच्याबद्दल भरून आणा. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटू." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ज्यांचे गुण जास्त आलेत त्यांनी तर नक्की आणा." हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला ते आवडलं नाही.

परतीच्या बसमध्येच मी ठरवलं, की दोन्ही कागद आपणच भरायचे. एक निळ्या पेनाने, एक काळ्या. निम्मे लोक तेच करणार होते.

पण घरी पिशवीतून डबा काढताना ते कागद नवऱ्याच्या हाती लागले. माझा नवरा गावातल्या हायस्कुलात क्लार्क आहे. कागद दिसला की त्याचा हात आपोआप पेनाकडे जातो. हे काय म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्याने एक प्रत भरूनही ठेवली होती. चाळीसच्या चाळीस ठिकाणी पाच.

"वाचलं तरी का?" मी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? बावीस वर्षं झाली लग्नाला."

"मग सगळ्यालाच पाच?"

"कमी दिले असते तर तू विचारलं असतंस, काहून कमी दिले म्हणून. मग ते सांगत बसावं लागलं असतं."

तो हसत होता, मीही हसले. पण भाकरी करताना ते वाक्य डोक्यातून जाईना. बावीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने मला पैकीच्या पैकी गुण दिले होते, आणि ते भीतीपोटी दिले होते. ती भीती लहानशीच होती, पण होती. मी खोडरबर घेतलं आणि सगळे पाच पुसून टाकले. नवऱ्याने पेन्सिल वापरली होती, तेवढी दक्षता त्याने घेतलीच होती.

रविवारी दुपारी मी तो कागद घेऊन सासूबाईंजवळ बसले. मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात मजुरी करण्यात गेलं. हळदीच्या दिवसांत तर त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. वाचता येत नाही, सही तेवढी येते. रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जातात आणि दुपारी ओसरीवर काहीतरी निवडत बसतात. त्या दिवशी अंबाडीची भाजी होती. मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्याबद्दल चाळीस गोष्टी विचारायच्या आहेत. मी वाचते, तुम्ही पाचपैकी गुण द्या."

"परीक्षा तुझी अन् मास्तर मी?"

"हो."

"वाच मंग."

पहिलंच वाक्य रागाचं होतं. मी ते त्यांच्या बोलीत करून विचारलं, "राग आला की हिला कळतं का?"

"तुला कळतं का न्हाई ते मला काय म्हाईत? आमाला कळतं. तू भांडी हळू ठेवायला लागतीस."

"हळू?"

"लोकं आदळत्यात. तू हळू ठेवतीस. आवाज येत न्हाई म्हून समजायचं, आज बाई रागात हाय, बोलायचं न्हाई." त्यांनी एक देठ मोडून बाजूला टाकला. "दोन दे. दोन बी लई झाले."

मी दोन लिहिले. माझ्या कागदावर तिथे पाच होते.

मग ऐकून घेण्याचं वाक्य आलं. त्या म्हणाल्या, "ऐकतीस की. पण चालता चालता. मी गुडघ्याचं सांगायला लागले, अर्धं झालं की तू गोळी आणायला आत. गोळीनं बरं वाटतं, न्हाई म्हणत न्हाई. पण माझं सांगून कुठं झालेलं असतं?" इथे त्यांनी तीन दिले. गोळीसाठी एक गुण वाढवून दिला, असं त्या म्हणाल्या.

असं चालू होतं. मला राग येत नव्हता, उलट गंमत वाटत होती. मदतीला धावून जाण्याच्या वाक्याला त्यांनी पाच दिले आणि वर गल्लीतल्या तीन बायांची बाळंतपणं मोजून दाखवली. मग सावरण्याचं वाक्य आलं. ते वाचताना माझा आवाज थोडा मोकळा झाला असणार, कारण हे वाक्य माझं होतं.

"सावरती म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कसलीही तकलीफ झाली तरी परत उभी राहते."

"तू कधी पडलीस?"

"नाक्याची सहा वर्षं विसरलात का?"

अंबाडी निवडणारे त्यांचे हात थांबले.

नाक्याची सहा वर्षं म्हणजे माझी पहिली नेमणूक. कनेरगाव नाक्यावरून आत एका खेड्यातलं उपकेंद्र मला मिळालं होतं. मुलगी दहा महिन्यांची होती. नवरा तेव्हा विनाअनुदानित शाळेत होता, म्हणजे शाळेत जायचा पण पगार नव्हता. उपकेंद्राची खोली पावसात गळायची आणि मी गावोगाव फिरायला गेले की मुलीला सांभाळायला तिथे कुणी नव्हतं. म्हणून मुलगी आत्याबाईंजवळ ठेवायची आणि मी एकटीने जायचं असं ठरलं. शनिवारी काम आटोपलं की नाक्याला यायचं, तिथून हिंगोली, हिंगोलीहून दुसऱ्या बसने डोंगरकडा. पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. रविवारी जेवण झालं की परतीची बस.

ही कहाणी मी असंख्य वेळा सांगितली आहे. लहान लेकरू घरी ठेवून नोकरीला आलेली नवी नर्स रडताना दिसली, की मी ती सांगते. दहा महिन्यांची पोरगी सोडून गेले. एका रविवारी ती माझ्याजवळ यायलाच तयार नव्हती, आत्याबाईंच्या पाठीमागे लपली. नवरा आत्याबाईंना आई म्हणतो म्हणून तीही त्यांनाच आई म्हणायला लागली होती. माझ्यासाठी मम्मी हा शब्द मीच शिकवला. तरी मी रडले नाही. जेवले, भांडी घासली, बस धरली. पुढच्या रविवारी पुन्हा आले. आणि मुलगीही अशी गुणाची, की थोडी कळती झाल्यावर मी निघताना कधी रडली नाही. दारात उभी राहून हात हलवायची. माझ्यावरच गेली, असं मी शेवटी म्हणायचे. होतं सगळं, हे त्या कहाणीचं शेवटचं वाक्य.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी रडत न्हवती काहून, म्हाईत हाय का तुला?"

"सवय झाली तिला."

"सवय न्हाई झाली. मी सांगितलं होतं तिला. रडलीस तर मम्मी पुन्हा येणार न्हाई म्हून."

मी पेन कागदावर ठेवलं.

"तानी होती तवर काही वाटलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझी निघायची येळ झाली की तिला शेजारणीकडं नेऊन बसवायची. पण दोन-अडीच वरसाची झाली अन् तिला समदं कळाया लागलं. तू पिशवी उचलली की टाहो. तू बसस्टँडला गेल्यावर घंटा घंटा रडायची. मला वाटलं, हिला असं रडताना बघितलं तर ही नौकरी सोडून येईल. तवा घर तुझ्यावरच चालून राहिलं होतं. म्हून मी पोरीला सांगितलं. पुढच्या ऐतवारी न्हाई रडली. हाताची मूठ तोंडात घालून उभी राहिली. तू म्हणलीस, शहाणी झाली माझी बाई. तवा मी काय बोलणार?"

"मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"दोनदा सांगाया आले. तुला बसची घाई."

त्यांनी पुन्हा देठ मोडायला घेतले. मी कागदाकडे पाहिलं. 'मला काय वाटतं आहे त्याला मी नाव देऊ शकते' हे वाक्य दोन ओळी वर होतं आणि त्याला मी स्वतःला पाच दिले होते. त्या क्षणी मला काय वाटत होतं याला मला नाव देता आलं नाही. अंगणात कोंबडी काहीतरी टोचत होती, ती मी बराच वेळ पाहिली, एवढं आठवतं.

"किती देऊ यापुढे?" मी शेवटी विचारलं.

"ऱ्हाऊ दे ते तसंच," आत्याबाई म्हणाल्या. "बाकीचं उद्या इचार."

ती जागा मोकळी राहिली. बाकीची वाक्यं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरकली, पण त्याआधी त्या सोमवारी वॉर्डात एक गोष्ट झाली. एका बाईचं सकाळी बाळंतपण झालं. बाळ ठीक होतं, मी त्याचं वजन केलं, पुसलं, गुंडाळलं, आणि तिला ते सांगायचंच राहिलं. तिने तीनदा विचारलं, "सिस्टर, रडलं का न्हाई ते?" तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. किंवा झालं असेल आणि मला कळलं नसेल. आता मला कशाचीच खात्री देता येत नव्हती.

दुसरी प्रत मुलीसाठी ठेवली. ती वीस वर्षांची आहे, परभणीला शेतीचं शिकते, वसतिगृहात राहते. शनिवारी घरी आली तेव्हा मी तिला कागद दिला आणि काय करायचं ते सांगितलं.

"काय भरू? खरं?" तिने विचारलं.

"खरं."

"नक्की?"

"मी बघणार नाही."

ती कागद घेऊन गच्चीवर गेली. मला वाटलं दहा मिनिटांत येईल. ती तासाभराने खाली आली, कागदाची घडी करून डब्यांच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "मी परत गेल्यावर वाच." मग ती पुन्हा वर गेली. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभ्याने वाचला.

गुण वाईट नव्हते. नवऱ्यापेक्षा कमी, सासूपेक्षा जास्त. पण दोन वाक्यांपुढे तिने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. 'माझं दुःख मी जवळच्या माणसाला सांगते' याला एक गुण आणि पुढे: "मम्मीची कसलीच तक्रार नसते. ज्याची तक्रारच नाही त्याच्याजवळ आपली तक्रार कशी करायची?" सावरण्याच्या वाक्याला तिने पाच दिले होते आणि लिहिलं होतं: "हो. पण एकदा तरी हिला वेळ लागावा असं वाटतं."

मी वर गेले. ती वाळत घातलेल्या डाळीजवळ मोबाइल बघत बसली होती. माझ्या हातात कागद पाहून म्हणाली, "वाचलास ना? मला माहीत होतं."

मी तिच्यासमोर बसले. मला लिहिलेल्याबद्दल बोलायचं होतं, पण तोंडातून दुसरंच आलं. आत्याबाईंना ती अजूनही आईच म्हणते. "तू लहान असताना आईने तुला एक सांगितलं होतं म्हणे. रडलीस तर मम्मी परत येणार नाही."

ती विचार करत राहिली. "मला नाही आठवत."

"खरंच नाही?"

"अडीच वर्षांची असेन ना मी? कसं आठवेल? तुझं जाणंच नीट आठवत नाही मला. बसचा हॉर्न आठवतो, तोसुद्धा दुसऱ्याच कुठल्या बसचा असेल."

मी आठवडाभर जी गोष्ट घेऊन फिरत होते, ती तिच्याजवळ नव्हतीच. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मग तुला काय आठवतं?"

"तू कायमची आलीस तो दिवस," ती लगेच म्हणाली. "मी पहिलीत होते. तू पत्र्याची पेटी घेऊन आलीस, पाणी प्यालीस, आणि मला समोर बसवून माझी नखं कापलीस. हाताची, पायाची, सगळी. मला वाटलं, आता रोज तपासणी होणार."

तो दिवस मलाही आठवत होता, पण मला त्यातली पेटी आठवत होती. तिची कडी तुटली होती आणि मी ती दोरीने बांधून आणली होती. नखं मी पूर्ण विसरले होते. तिने सांगितल्यावर ते सगळं परत दिसलं. ती आत्याबाईंना चिकटून उभी होती. सहा वर्षांत मी तिला रविवारी तेवढी भेटलेली. आता रोज भेटायचं होतं आणि सुरुवात कुठून करायची ते मला कळत नव्हतं. दवाखान्यात मी दिवसाला वीस लेकरांना हात लावायचे.

"मला तुला हात लावायचा होता," मी म्हटलं. "कसा लावायचा ते सुचेना. तुझी नखं वाढलेली दिसली."

तिने मोबाइल खाली ठेवला. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"अगं, मग सांगायचंस ना! त्यानंतर मी दर रविवारी स्वतःच नखं कुरतडून ठेवायचे, तू ओरडू नयेस म्हणून."

ती हसायला लागली. मला लगेच हसू आलं नाही, जरा वेळाने आलं. मग ती डाळीत बोट फिरवत म्हणाली, "आता मीही एक सांगते. मागच्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिलाय. दोन महिने झाले निकाल लागून."

मी म्हटलं, "होतं सगळं. पुन्हा बसायचं."

ते बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बघ. हेच."

मी उठणार होते, खाली कुकर लावायचा होता. ती पुढे काही बोलेना, तशी मी परत बसले. मग मी विचारलं, "वाईट वाटलं का फार?"

"खूप," ती म्हणाली, आणि मग सांगायला लागली. मैत्रिणी पेढे वाटत होत्या तेव्हा ती वाचनालयात जाऊन बसली होती. घरी फोन लावून, माझा आवाज ऐकून, जेवणाचं विचारून ठेवून दिला होता. मला तो फोन आठवत नव्हता. तसे आमचे सगळेच फोन जेवणाचे असायचे.

पंधरा दिवसांनी वसमतला पुन्हा बैठक झाली. तीसपैकी निम्म्यांनीही कागद आणले नव्हते. औषध विभागातल्या आमच्या सोबत्यांनी एक प्रत उजव्या हाताने आणि एक डाव्या हाताने भरली होती. ते त्यांनी मला जिन्यातच सांगितलं. मॅडमनी माझे दोन्ही कागद पाहिले. आत्याबाईंच्या कागदातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे राहून गेलं का?"

"नाही. सासूबाईंनी ठरवून तसं ठेवलं."

"मग ती जागा तुम्हीच भरा."

"मी आधीच भरली होती मॅडम. पाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. आणखी काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सरासरी काढल्यावर माझा पहिला नंबर गेला, मी कुठेतरी मधे आले. त्याचं मला थोडं वाईट वाटलं. ते खरं आहे म्हणून सांगते.

त्यानंतरच्या रविवारी मी आत्याबाईंना म्हटलं, "पोरीला विचारलं मी. तिला काहीच आठवत नाही."

त्यांना बरं वाटेल, अशी माझी कल्पना होती. त्या चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "तिला न्हाई आठवत. मला आठवतं ना पण."

तेव्हा मला पहिल्यांदा उमजलं, की या सगळ्यात मी स्वतःचा विचार केला होता, मुलीचा केला होता, पण सतरा-अठरा वर्षं ही गोष्ट एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाचा केलाच नव्हता. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा काय वाटायचं, आत्याबाई?"

त्या आधी गुडघ्याचंच बोलल्या. मी जागची हलले नाही. मग हळूहळू बाकीचं आलं. सोमवारी पोरीला काखेत घेऊन त्या मजुरीला जायच्या. बांधावर चादर टाकून तिला बसवायच्या. सोबतच्या बाया म्हणायच्या, सून मजेत नौकरी करून राहिली अन् तुझ्या गळ्यात लेकरू. आत्याबाई त्यांना भांडून उत्तर द्यायच्या. पण मनात एक वेगळीच भीती होती.

"तुझी बदली इकडं झाली म्हून तू सांगितलंस," त्या म्हणाल्या. "समदी खूश. मी बी हसले. पण मला वाटलं, आता पोरगी हिची होणार. ते व्हायलाच पाहिजे, बराबर हाय. पण मला बघवणार न्हवतं. म्हून तू आल्यावर दुसऱ्या दिशी मी बहिणीकडं गेले. आठ दिस ऱ्हायले."

मला ते आठवत होतं. "मावशी आजारी होत्या ना तेव्हा?"

"कुणी आजारी न्हवतं."

तेव्हा मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले होते. चांगले आठ दिवस राहून या, घरची काळजी करू नका, असंही म्हणाले होते. मला वाटलं होतं मी त्यांना विश्रांती देते आहे.

"पोरगी पहिल्या दोन दिसांत लई रडली म्हणं माझ्यासाठी," आत्याबाई म्हणाल्या. "तूच सांगितलंस मी परत आल्यावर. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण बरं वाटलं." हे सांगताना त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि त्या रडतायत की चहाने ओले झालेले ओठ पुसतायत ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. नुसती बसून राहिले.

मी फार बदलले, असं कुणी म्हणणार नाही. वॉर्डात अजून माझा आवाज चढत नाही. नव्या नर्सला नाक्याची कहाणी सांगायला जाते आणि मधेच थांबते, कारण ती पूर्वीसारखी संपत नाही. परवा एकीने विचारलं, "मग सिस्टर, मुलीला त्रास नाही झाला?" मी म्हटलं, "माहीत नाही. तिला आठवत नाही. माझ्या सासूला झाला."

मुलगी बुधवारी फोन करते. जेवणाचं विचारून झालं की मी आता गप्प राहते. हे मला सोपं जात नाही. पहिल्या वेळी तर एवढा वेळ शांतता झाली, की पलीकडून तिने विचारलं, "हॅलो? मम्मी? आवाज येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं. "बोल."

मग तिने राहिलेल्या विषयाच्या सरांबद्दल सांगितलं, खोलीतल्या मुलीशी झालेल्या भांडणाबद्दल सांगितलं, आणि वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत कबूतर पडलं होतं तेही सांगितलं. टाकी कोणत्या रसायनाने धुवायची ते मला माहीत होतं. ती सगळं सांगून होईपर्यंत मी ते बोलले नाही.